गुंद येथील सायकलस्वार मंडळ आणि रुक्माची अट

वाहनाचा खरा उपयोग त्याच्याविषयी बोलण्यात आहे. त्याच्यावर बसून कुठं तरी जाणं हा दुय्यम उपयोग असून तो उतावळ्या आणि ज्यांना खरोखरच कुठं तरी पोचायचं असतं अशा लोकांसाठी राखून ठेवलेला आहे. ही गोष्ट मोठमोठ्या शहरांना कळायला पुष्कळ वर्षं लागली. सुपे पेठ्यातल्या (पेठा म्हणजे लहान तालुका) गुंद गावाला ती सन १९२६ च्या पावसाळ्यातच कळली होती, आणि तेव्हा गावात सायकल एकच होती.

ती परशुराम सावकारांची. (दुकानदाराला इकडं सावकार म्हणतात. परशुराम फक्त मीठ, गूळ, रॉकेल आणि लुगडी विकत.) मूळचे ते खानापूरकडचे. सायकल त्यांनी बेळगावहून बैलगाडीत घालून आणली, आणि वाटेत तिला ऊन बाधू नये म्हणून वरून घोंगडं पांघरलं. बेळगावात त्यांचा मुक्काम चार दिवस होता. तिथल्या पेठेत संध्याकाळी एका दुकानापुढं सायकलवाले जमतात आणि गादी, घंटी, चेन, पंप अशा विषयांवर तासन् तास बोलतात, हे त्यांनी चारही दिवस लक्षपूर्वक पाहिलं. बोलणं आटोपल्यावर ते लोक सायकलींवर टांग मारून घरी जात. पण तोवर सावकार खाणावळीत पानावर बसलेले असत, त्यामुळं हा शेवटचा भाग त्यांच्या पाहण्यात आला नाही. गुंदातल्या मंडळाची उभारणी याच निरीक्षणावर झाली.

मंडळाचं नाव 'गुंद-उळवी सायकलस्वार मंडळ'. नावात उळवी येण्याचं कारण असं की, उळवीच्या देवदर्शनाला सायकलीवरून जायचं, असा ठराव पहिल्याच सभेत एकमतानं संमत झाला होता. (तो अद्याप कायम आहे.) अध्यक्ष अर्थातच सावकार. चिटणीस शाळेचे दत्तात्रय मास्तर. त्यांच्याकडं सायकल नव्हती, पण अक्षर इतकं वळणदार होतं की सायकल नसल्याचं कुणाच्या लक्षातही येत नसे. तज्ज्ञ म्हणून लखू सुताराची नेमणूक झाली. लखूनं वीस वर्षं गाड्यांची चाकं केली होती, आणि गोल वस्तूंबद्दल गावात त्याच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे.

पहिल्या वर्षाचा अहवाल मास्तरांनी लिहून ठेवला आहे. एकूण सभा दोनशे अकरा. पैकी गादीवर एकोणपन्नास, घंटीवर अडतीस, चेनीला खोबरेल लावावं की एरंडेल यावर चौसष्ट, आणि मागच्या दाती चाकावर साठ. सायकलीनं कापलेलं अंतर चाळीस हात. (उताराच्या दिशेनं. सायकल भिंतीला नीट टेकवलेली नव्हती. स्वार त्या वेळी दुकानात गूळ जोखत होते.)

दाती चाकाचा वाद फार वरच्या पातळीवर गेला होता. मागच्या चाकाला अठरा दाते असावेत, असं सावकारांचं मत. वीस असावेत, असं मास्तरांचं. अठराला वेग चांगला, विसाला चढ सोपा, असं बेळगावातल्या दुकानापुढं ऐकलेलं. सावकारांच्या सायकलीला नेमके किती आहेत, हे मोजावं असं तेराव्या सभेत ठरलं. मोजण्यासाठी लखूनं चेन काढली. ती परत बसवायला नऊ दिवस लागले, आणि हे नऊ दिवस मंडळाच्या इतिहासात ज्ञानाच्या दृष्टीनं सर्वांत मोलाचे मानले जातात. दाते मोजायचे मात्र राहून गेले. त्यानंतर सावकार आणि मास्तर यांनी दोन महिने एकमेकांच्या हातचा विडा खाल्ला नाही.

या मंडळींत म्हादू कसा सापडला, ते आता सांगायला हवं. म्हादू हा गावातला कुणबी. थोडी भातशेती, थोडी नाचणी, उरलेल्या दिवसांत रानातलं काम. घरी आई बायजा, बायको रुक्मा आणि एक दुभती म्हैस. तो दुकानात मीठ आणायला जाई. दुकानाच्या पायऱ्यांवर मंडळाची सभा भरलेली असल्यामुळं मीठ मिळेपर्यंत त्याला ऐकत उभं राहावं लागे. आधी तो उभ्यानं ऐकू लागला, मग टेकून, मग बसून. दोन महिन्यांत अशी पाळी आली की तो घरी परते तेव्हा त्याला फ्रीव्हीलची सगळी माहिती असे आणि मीठ विसरलेलं असे. रुक्मा अळणी आमटी ताटात वाढी आणि त्याच्याकडं बघत बसे. तो तिला सांगे, की गादीखाली स्प्रिंगा दोन असाव्यात.

आश्विन लागला आणि जंगल खात्याच्या एका मोजणीदाराची बदली हल्याळला झाली. त्याच्याकडं एक जुनी सायकल होती आणि घरात तान्हं मूल होतं. मुलाला दूध हवं होतं. म्हादूकडं म्हैस होती. पुढचं एका दुपारात उरकलं. रुक्मा गवताचा भारा घेऊन रानातून आली, तर गोठ्यात म्हशीच्या खुंट्याला म्हशीच्याच दाव्यानं सायकल बांधलेली, आणि बायजानं सवयीनं तिच्यापुढं गवताची पेंढी टाकलेली.

"म्हस कुठं हाय?" रुक्मानं विचारलं.

"हिच्या बदली दिली," म्हादू म्हणाला.

"ही दूद देती व्हय?"

"न्हाई. पर हिला चारा लागत न्हाई."

रुक्मा कमी बोलणारी बाई. तिनं डोक्यावरचा भारा खाली ठेवला, हातपाय धुतले आणि दोन लुगड्यांचं गाठोडं बांधलं. "मी बाजारकुणंगास बापाकडं चालले," ती म्हणाली. "परत यीन ती हिच्यावर बसूनच यीन. पायी येणार न्हाई. उळवीच्या जत्रंपतूर वाट बघती. मग बापाच्याच शेतात पेरणीला लागंन."

"अगं, पर मला ही चालवाय कुठं येती!"

"मग म्हस कशाला दिलीसा?" (हा प्रश्न मंडळापुढं पुढं सहा वेळा ठेवण्यात आला. सहाही वेळा तो विषयपत्रिकेबाहेरचा ठरला.)

रुक्मा गेली आणि घर ओकंबोकं झालं. म्हादूचा तिच्यावर जीव होता, हे त्यानं कधी बोलून दाखवलं नव्हतं. बोलायला दुसरे विषय होते. आता बायजा पेज वाढी तेव्हा ती तशीच निवून जाई. चार दिवस त्यानं सायकलीकडं पाहिलं, सायकलीनं त्याच्याकडं पाहिलं. पाचव्या दिवशी तो दुकानाच्या पायरीवर गेला आणि हात जोडून म्हणाला, "सावकार, ही चालवायची कशी, तेवढं सांगा."

दोनशे अकरा सभांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. सावकारांनी मास्तरांकडं पाहिलं, मास्तरांनी लखूकडं, आणि लखूनं छपराकडं.

"प्रश्न चांगला आहे, पण वेळेआधी आलेला आहे," मास्तर शेवटी म्हणाले. "सामान पुरं आहे का, ते बघायला नको?"

सामान बघण्यात आलं. घंटी नाही. दिवा नाही. पंप नाही. चेनीवर झाकण नाही. गादीला स्प्रिंग एकच, तीही डावीकडं. एवढी उणी सायकल चालवणं म्हणजे मंडळाच्या तोंडाला काळं फासणं आहे, असं ठरलं. म्हादूनं सामान पुरं करावं, तोवर चालवण्याचा विषय तहकूब. म्हादूला हे पटलं. इतकी माहितगार माणसं सांगतात म्हटल्यावर त्याचं मन हलकंही झालं, कारण सामान जमवणं त्याला जमण्यासारखं होतं आणि चालवणं नव्हतं.

घंटी घरातच निघाली. म्हशीच्या गळ्यातली घाट, म्हणजे गुरांची घंटा, गोठ्यात लटकत होती, ती त्यानं हँडलला बांधली. ती घंटी म्हणून धरावी की घाट म्हणून, यावर दोन सभा झाल्या. धक्का बसताच ती आपोआप वाजते, म्हणजे स्वाराचा अंगठा मोकळा राहतो, हा लखूचा मुद्दा निर्णायक ठरला. कार्बाइडचा दिवा मिळायला दीड महिना गेला. लोंढ्याच्या बाजूला जाणाऱ्या प्रत्येकाला तो म्हादू सांगून ठेवी. दिवा कशाला, रात्री रानातून जातो कोण, असं त्यानं एकदा विचारलं होतं.

"दिवा बघायला नसतो म्हादू, दिसायला असतो," सावकार म्हणाले.

"कुणाला?"

रात्री रानात वाघाशिवाय कुणी नसतं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. मास्तरांनी तपकीर ओढली.

मधे दसरा आला, आणि त्यानं मंडळापुढं असा पेच टाकला की तसा बेळगावच्या पेठेपुढंही कधी पडला नसेल. खंडेनवमीला बायजानं दरसालप्रमाणं नांगर, कोयते, कुऱ्हाड, विळा सगळं धुऊन पुसून मांडलं, आणि त्यांच्या ओळीत सायकलही उभी केली. हळदकुंकू वाहिलं, हँडलला झेंडूची माळ घातली, पुढच्या चाकापाशी नारळ फोडला. पूजा यथासांग झाली. दुसऱ्या दिवशी म्हादू गादीवर बसायचा सराव करावा म्हणून गेला (सायकल खुंट्याला बांधलेली असताना बसण्यास मंडळाची हरकत नव्हती) आणि त्यानं पाय पायडलावर ठेवला, तशी बायजा किंचाळली.

"आरं, पुजलेल्या देवाला लाथ मारतोस?"

म्हादूचा पाय हवेतच राहिला. बायजाचं काही चुकत नव्हतं. कोयत्याला चुकून पाय लागला तर माणूस हात लावून तो कपाळाला लावतो. मग जी पायानंच ढकलायची, आणि एकदा नव्हे, बाजारकुणंगापर्यंत ढकलायची, तिचं काय? सावकारांनी आपली सायकल कधी पुजली नव्हती, आणि तिला पाय लावायचाही त्यांना कधी प्रसंग आला नव्हता. त्यामुळं मंडळाकडं पूर्वीचा दाखला नव्हता. तातडीच्या चार सभा भरल्या. पायडलं हातानं फिरवावीत, ही सूचना पहिल्या सभेत आली. लखूनं ती करून दाखवली आणि पुढचे आठ दिवस तो अंगठ्याला फडकं बांधून सभेला येत होता. दुसऱ्या सभेत पायांत कापडी पिशव्या घालण्याचं सुचवण्यात आलं. बायजानं निरोप धाडला, की पिशवीत असला तरी पाय तो पायच.

तेव्हा देवाला कौल लावायचं ठरलं. गुरवानं देवाच्या मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, ही रीत गावाला पिढ्यान् पिढ्या पुरली होती. प्रश्न मास्तरांनी लिहून आणला होता. 'सदरहू दुचाकी वाहन हे आयुध समजावे किंवा कसे, समजल्यास त्याच्या कोणकोणत्या भागास पदस्पर्श निषिद्ध, आणि निषिद्ध असल्यास कौटुंबिक निकडीच्या प्रसंगी सवलत मिळण्यास...' असा तो सुरू झाला, आणि संपायच्या आधीच दोन्ही पाकळ्या गळून पडल्या. देवानं उत्तर दिलंय, असं गुरवानं जाहीर केलं, पण कुठल्या कलमाला दिलंय ते सांगता येत नाही.

अखेर तोड काढली ती मास्तरांनीच. देवळाला पायऱ्या असतात. त्या देवळाच्याच असतात. तरी आपण त्यांच्यावर पाय देतो की नाही? देतो, पण आधी पायरीला हात लावून नमस्कार करतो. सबब पायडलं ही सायकलीची पायरी समजावी. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला नमस्कार करावा लागेल, असं लखू म्हणाला. त्यानं हिशेब केला, तर बाजारकुणंगापर्यंत नमस्कार अकरा हजारांच्या आसपास जात होते. तेव्हा सुरुवातीलाच प्रत्येक पायडलाला एकेक नमस्कार एकगठ्ठा करावा, अशी दुरुस्ती होऊन ठराव क्रमांक सतरा संमत झाला. बायजानंही मान्यता दिली. या सगळ्यात मार्गशीर्ष संपला.

पौष पंप मिळवण्यात गेला. माघात उळवीची वाट दुरुस्त करायला माणसं लागली, घाटाखालून जत्रेच्या गाड्या यायच्या म्हणून खड्डे बुजवले गेले, आणि बाजारकुणंगाकडून आलेल्या एका बांबू विकणाऱ्यानं निरोप आणला. रुक्मा खुशाल आहे. बापाच्या शेतात तिनं बांध घालायला घेतलाय.

म्हादूला यातलं कळायचं ते कळलं. रागावलेली बाई रुसून बसते, रडते, भांडते. त्याला औषध असतं. पण जी बांध घालायला घेते ती तिथं पेरणार आणि कापणारही. जत्रेला पाच दिवस होते. म्हादू पायरीवर गेला आणि पहिल्यांदाच खाली न बसता बोलला.

"मी उद्या निगालो. येनारे या, न येनारे बसा."

मंडळानं याला 'पहिली अधिकृत सफर' असा दर्जा दिला आणि सगळेच निघाले. सायकल म्हादूची. सावकारांनी आपली नेली नाही. तिच्या टायरांना रानातली हवा मानवेल की नाही, याचा निर्णय व्हायचा होता. सामान मात्र मंडळानं ठरवलेलं. पंप, कार्बाइडचा डबा, दिवा, रबरी ठिगळं, ठिगळं चिकटवायची नळी, पाण्याची घागर (पंक्चर बुडबुड्यांवरून शोधण्यासाठी), खोबरेल आणि एरंडेल दोन्ही (वाद मिटला नव्हता), छत्री, सभेच्या वहीचं बाड, दौत, सावकारांच्या बसण्याचं पोतं, आणि वाटेत दाते मोजण्याची संधी आली तर लागेल म्हणून खडू. हे सगळं सायकलीवर बांधल्यावर स्वाराला जागा उरली नाही. सायकल किती सुसज्ज आहे याचा हा पुरावाच आहे, असं अध्यक्षांनी नमूद करवलं, आणि सगळे पायी चालू लागले.

वाट दीड दिवसाची. चढ आला की म्हादू ढकली, लखू मागून रेटी. ओहोळ आला की सामान सोडायचं, सायकल खांद्यावर घ्यायची, पलीकडं पुन्हा सामान बांधायचं. ओहोळ पाच होते. तिसऱ्या ओहोळानंतर लखूनं सायकलीच्या सांगाड्यातून बांबू घातला आणि दोघांनी ती पालखीसारखी उचलली. घाट ठणठणू लागली. समोरून उळवीला निघालेली धारवाडकडची यात्रेकरू मंडळी येत होती. त्यांनी वाट सोडली, चपला काढल्या आणि हात जोडले. एका म्हातारीनं दोन केळी ठेवली. मास्तरांनी ती नोंदवून खाल्ली. सफरीचा तक्ता त्यांनी मुक्कामी भरला तो असा: म्हादूच्या खांद्यावर सायकल साडेतीन कोस; बांबूवर चार; हातानं ढकलत दोन; सायकलीवर म्हादू निरंक.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते बाजारकुणंगाच्या वरच्या टेकाडावर पोचले. खाली धाकलूचं, म्हणजे रुक्माच्या बापाचं शेत दिसत होतं. शेतात रुक्मा कुदळीनं माती ओढून बांधावर घालत होती. घाटेचा आवाज ऐकून तिनं वर पाहिलं. कमरेवर हात ठेवून ती उभी राहिली.

"थांब," सावकार म्हणाले. "उतार आहे. ब्रेकचा विषय आपण घेतलेलाच नाही."

पोतं अंथरलं गेलं. सभा भरली. ब्रेक पुढच्या चाकाला दाबावा की मागच्या, हा मुद्दा निघाला. मास्तर मागच्याच्या बाजूचे, सावकार पुढच्याच्या. ब्रेक दाबणं म्हणजे चाकावर अविश्वास दाखवणं आहे, असं लखूचं चाकांच्या वतीनं म्हणणं पडलं. दौत उघडली. म्हादू सभेत बसून खाली बघत होता. रुक्मानं बराच वेळ वर पाहिलं. मग तिनं कमरेवरचे हात काढले, पाठ फिरवली आणि पुन्हा कुदळ उचलली.

ते म्हादूला सोसलं नाही. त्यानं सायकलीवरचं सामान भराभर सोडून टाकलं, घागर उतारावरून गडगडत गेली तरी तिकडं बघितलं नाही. पायडलांना एकेक नमस्कार एकगठ्ठा केला आणि टांग मारली.

"मुद्दा चर्चेत आहे!" मास्तर ओरडले.

म्हादू निघाला होता. म्हशीची घाट त्या टेकाडावर कधी वाजली नसेल अशी वाजत होती. कोंबड्या उडाल्या, एक कुत्रं भुंकायचं विसरलं, दुपारचा झोपलेला धाकलू अंगणातून धावत बाहेर आला. म्हादूच्या तोंडातून एकच लांब 'आऽऽऽ' निघत होतं, पण तो सायकलीवर होता, बसलेला होता आणि सायकल पुढं जात होती. चाळीस हातांचा जुना उच्चांक मोडला. शंभर झाले. दोनशे झाले. नव्या बांधावरून सायकल उडाली आणि खताच्या ढिगात शिरली.

रुक्मा सावकाश चालत आली.

"आलासा?"

"आलो," ढीग म्हणाला.

"बसून?"

"बसून. वरच्या झाडापासनं हितंपतूर."

रुक्मा न्यायी बाई होती. तिनं उतारावर नजर टाकली, ढिगावर टाकली आणि मान हलवली. म्हादूनं डोळ्यांवरचं शेण पुसलं. "रुक्मे," तो म्हणाला, "तू न्हाईस तर घरात पेजसुदीक गोड लागत न्हाई बग." मंडळासमोर तो असं कधीच बोलला नसता, पण मंडळ अजून टेकाडावर दौत शोधत होतं. रुक्मानं पदर तोंडाला लावला. मग घरात जाऊन तिनं गाठोडं आणलं.

आता परतीचा प्रश्न. अट अशी, की रुक्मा सायकलीवर बसूनच येणार. ती मागं बसली, म्हादू पुढं बसला, दोघं पडली. पुन्हा बसली, पुन्हा पडली. तोवर मंडळ खाली येऊन पोचलं होतं, आणि म्हादूच्या कानी पडेल असं मार्गदर्शन करू लागलं: पाठ ताठ, नजर घंटीवर, श्वास आत, चेनीचा विचार करू नकोस. मार्गदर्शन मिळाल्यापासून म्हादू पहिल्यापेक्षा लवकर पडू लागला. असं सात वेळा झालं. आठव्यांदा रुक्मा कोपर चोळत उठली आणि म्हणाली, "उतरा. मागं सरा."

"अगं, अठरादाती आहे की वीसदाती, ते कळल्याशिवाय..." सावकार म्हणाले.

रुक्मानं लुगड्याचा काचा घट्ट खोवला, बापाला वाकून नमस्कार केला आणि सायकल हाती घेतली. ती एकदा पडली. दुसऱ्यांदा पडली. तिसऱ्यांदा सायकल डगमगली, वाकडी गेली, सरळ झाली आणि चालू लागली. यामागचं कारण मंडळानं पुढं पुष्कळ शोधलं. कारण साधं होतं. तिनं मंडळाची एकही सभा ऐकली नव्हती. म्हादू गाठोडं मांडीवर घेऊन मागं बसला होता आणि त्यानं बायकोचा पदर दोन्ही हातांनी धरला होता. बघायला जमलेलं गाव हसत होतं. तोही हसत होता. जत्रेसाठी दुरुस्त केलेल्या वाटेवरून दोघं दिसेनाशी झाली, आणि पुष्कळ वेळ नुसती घाट ऐकू येत होती.

मागं मंडळ आणि सामान उरलं. सफर यशस्वी झाल्याचा ठराव तिथंच झाला. मग सावकारांनी पंप आणि पोतं, मास्तरांनी दिवा आणि वही, लखूनं उरलेलं सगळं डोक्यावर घेतलं, आणि पाच ओहोळ ओलांडून ते गुंदाला पोचले तेव्हा रुक्माला येऊन एक दिवस झाला होता.

पुढं सायकलीचं व्हायचं ते वाईटच झालं. रुक्मा तिच्यावरून गवत आणी, भात नेई, जोयड्याला जाऊन मीठसुद्धा आणी. वर्षभरात गादी फाटली, दिवा कोंबड्यांच्या खुराड्यात लागला, पंपाच्या नळीची चुलीला फुंकणी झाली, आणि घाट नव्या पारडीच्या गळ्यात गेली. दाते दोन तुटले, तरी ती चालतच राहिली. मंडळानं म्हादूचं नाव कमी केलं. कारण, 'सायकलीचा वाहनासारखा गैरवापर'. म्हादूला ही बातमी कळली तेव्हा तो गरम पेज पीत होता, आणि त्यानं आणखी थोडी वाढायला सांगितली.

मंडळ मात्र वाढलं. बाजारकुणंगच्या सफरीची हकीकत ऐकायला सुप्याहून, जगलबेटाहून, थेट हल्याळहून माणसं येऊ लागली. मास्तर ती वहीतून वाचून दाखवत. पायऱ्या पुरेनात. १९३० साली सभासद त्रेचाळीस आणि सायकल एक. (तीही टायरांना वाळवी लागू नये म्हणून आढ्याला टांगलेली.) एकदा रुक्मा मागं चाऱ्याचा भारा बांधून तिथून चालली होती. एवढी गर्दी पाहून तिनं एक पाय जमिनीवर टेकला.

"मास्तर, एवढी मानसं बसून काय करत्यात?"

"तू कशी गेलीस, ते ऐकतायत."

"बरं. मग ही सगळी कवा जाणार?"

मास्तरांनी प्रश्न वहीत घेतला आणि तो पुढच्या सभेवर टाकला. त्याच सभेत नियमात दुरुस्ती झाली. जो मनुष्य सदर सफरीची हकीकत जागेवरून न उठता शेवटपर्यंत ऐकेल किंवा वाचेल, तो मंडळाचा तहहयात सभासद समजला जाईल. अर्ज करण्याची गरज नाही, नाव परस्पर चढवलं जाईल. त्याप्रमाणं आपलं नाव आत्ताच चव्वेचाळिसाव्या क्रमांकावर चढलेलं आहे. दुसऱ्या पायरीवर उजवीकडं जागा राखली आहे. बसायला पोतं आपलं आपण आणावं. सायकल आणू नये.